टोपीकरांची टोपी आणि शिपायाचे पागोटे

युरोपातून समुद्रमार्गे आलेल्या लोकांना आपल्या पूर्वजांनी जे नाव दिले, ते त्यांच्या धर्मावरून दिले नाही की देशावरून दिले नाही. ते दिले डोक्यावरून. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात फिरंगी, इंग्रज, वलंदेज या सर्वांना मिळून एकच शब्द आहे, 'टोपीकर'. ज्या देशात माणसाची जात, गाव, धंदा आणि दर्जा हे सारे त्याच्या पागोट्याच्या पेचावरून ओळखता येत असे, त्या देशाने परक्याला त्याच्या टोपीवरून ओळखावे, यात नवल नाही. नवल याचे, की या टोपीकडे त्यानंतर आपण फारसे निरखून पाहिलेच नाही. लढायांच्या तारखा पाठ झाल्या, तहांची कलमे पाठ झाली. पण ज्यांनी त्या लढाया मारल्या त्या साध्या सोजिराच्या डोक्यावर काय होते, कोणत्या रंगाचे होते आणि का होते, हा प्रश्न क्षुल्लक म्हणून बाजूला राहिला. तो क्षुल्लक नाही, या एका प्रश्नापायी शेकडो माणसे प्राणास मुकली आहेत, आणि त्या गोष्टीचा एक धागा आपल्या निजामी मुलखातून गेला आहे, हे आज आम्हांस सांगावयाचे आहे.

आम्ही ज्या काळाविषयी बोलत आहोत तो नेपोलियनचा काळ, म्हणजे स्थूलमानाने १७९३ ते १८१५. आपल्याकडे याच काळात खर्ड्याची लढाई झाली, वसईचा तह झाला, असईचे रण झाले. इंग्रजी पायदळातील शिपायाजवळ त्या वेळी दोन टोप्या असत. एक मानाची आणि एक कामाची. मानाची टोपी कवायतीला, पहाऱ्याला आणि लढाईला. १८०० पर्यंत ती दोन्ही बाजूंनी वर वळवलेल्या काठांची काळी टोपी होती. १८०० साली तिच्या जागी धुराड्याच्या नळकांड्यासारखी उंच टोपी आली, तिला 'शाको' म्हणत. पुढे पितळी पत्रा, वर पिसांचा तुरा. तुऱ्याच्या रंगावरून तुकडी कळे: उंचपुऱ्या ग्रेनेडियरांचा पांढरा, चपळ हलक्या तुकडीचा हिरवा आणि मधल्या तुकड्यांचा वर पांढरा, खाली तांबडा. चित्रांत दिसते ती हीच टोपी.

परंतु शिपाई काही चोवीस तास लढत नसतो. तो पाणी भरतो, लाकडे फोडतो, खंदक खणतो, तंबू ठोकतो, चूल पेटवतो, आणि यातले काहीही नसेल तेव्हा तंबूच्या सावलीत लवंडतो. या सगळ्या वेळी तो जी दुसरी, साधी, मऊ, घडी करून पडशीत कोंबता येईल अशी टोपी घाली, तिचे नाव 'फॉरेज कॅप'. फॉरेज म्हणजे दाणावैरण. मराठ्यांच्या फौजेतून गवतचारा आणण्यास जी टोळी बाहेर पडे तिला 'कही' म्हणत, हे बखरी वाचणाऱ्यांस ठाऊक आहे. तेव्हा या टोपीला कोणी 'कहीची टोपी' म्हटले तर ते नाव तिला अगदी नेमके बसेल. आमचा विषय ही कहीची टोपी आहे.

ही टोपी तयार कशी होई, हे पाहिल्याखेरीज तिचे रंग समजणार नाहीत. शिपायाला वर्षाकाठी एक नवा तांबडा डगला मिळे. हे कपडे पुरवण्याचे काम त्या वेळी थेट सरकारी कोठाराचे नव्हते. ते पलटणीच्या कर्नलाकडे असे. त्यासाठी त्याला ठरावीक रक्कम मिळे, आणि काटकसरीत जे उरे त्यात त्याचाही लाभ असे. वर्ष संपले की जुना डगला टाकून देण्याची चैन कोणालाच परवडणारी नव्हती. पलटणीतले शिंपी तो उसवीत, धड राहिलेले कापड वेगळे काढीत आणि त्यातून कामाच्या वेळचे आखूड जाकीट किंवा ही टोपी बेतीत. कहीची टोपी शिपायाने स्वतः बाळगावयाच्या जिनसांत मोडे, आणि असल्या जिनसांचा खर्च त्याच्या पगारातून कापला जाई. १७९७ नंतर त्याचा पगार दिवसाला एक शिलिंग होता आणि त्यालाही अनेक कात्र्या लागत. मानाची टोपी राजाची. कामाची टोपी मात्र खऱ्या अर्थाने शिपायाच्या घामाची होती.

यावरून एक गोष्ट सहज ध्यानात येईल. सगळ्या पायदळाची कहीची टोपी एकाच रंगाची असणे शक्यच नव्हते. जेथे ती जुन्या डगल्यातून निघे तेथे ती तांबडी असे. कोठे पांढरी, कोठे करडी. काही ठिकाणी लांबट पिशवीसारखी टोपी करून तिचे टोक मुडपून खाली सोडलेले असे, काही ठिकाणी पुढे उभी पट्टी आणि तिच्यावर पलटणीचा आकडा. शतकाच्या दुसऱ्या दशकात लोकरीची विणलेली गोल टोपी अधिक दिसू लागली. ती आधी ढगळ विणीत, मग गरम पाण्यात मळून बुरणुसासारखी दाट करीत. माथ्यावर बहुधा गोंडा असे. स्कॉटलंडच्या डोंगरी पलटणींची तऱ्हा आणखी निराळी: त्यांची टोपी निळी विणलेली, आणि कडेला तांबड्या-पांढऱ्या चौकड्यांचा पट्टा. त्याच टोपीवर शहामृगाची काळी पिसे चढवली की ती मानाची होई, पिसे उतरली की कामाची.

मग या गोंधळात पलटणीची ओळख कशी राही? येथे आम्ही आपल्या माजघरातला दृष्टांत घेतो. लुगड्याचे पोत एक आणि काठ दुसरा असतो. दहा बायकांची लुगडी हिरवीच असली तरी कोणाचे कोणते हे काठावरून कळते. इंग्रजी पायदळाच्या डगल्याचेही असेच होते. पोत सर्वांचे तांबडे. पण गळपट्टी, मनगटावरची उलटलेली पट्टी आणि छातीवरच्या पट्ट्या यांचा रंग प्रत्येक पलटणीचा ठरलेला. या काठाला ते 'फेसिंग' म्हणत. राजघराण्याचे नाव लावणाऱ्या पलटणींचा काठ निळा. ३३ वीचा काठ तांबडाच, म्हणजे पोत आणि काठ एक. ५० वीचा काळा, ५६ वीचा जांभळा, ७४ वीचा पांढरा, ९४ वीचा हिरवा, ७८ वीचा 'बफ', म्हणजे कमावलेल्या म्हशीच्या कातड्यासारखा फिकट पिवळसर. कहीच्या टोपीचे बूड कोणत्याही रंगाचे असो, तिच्या कडेचा पट्टा सामान्यतः या काठाच्या रंगाचा ठेवीत. पडशीतली, मळकी, जुन्या डगल्यातून बेतलेली टोपीसुद्धा अशी घराण्याचा काठ मिरवीत असे.

रंगाचे स्वतःचेही एक शास्त्र होते. साध्या शिपायाचा तांबडा रंग मंजिष्ठेच्या जातीच्या मुळापासून काढलेला, विटकरीकडे झुकणारा. अधिकाऱ्याचा लालभडक रंग अमेरिकेतून येणाऱ्या एका किड्यापासून केलेला आणि महाग. दोघेही 'लाल डगलेवाले', पण दहा पावलांवरून फरक कळावा. दख्खनच्या उन्हापावसात असले रंग फार दिवस ताजे राहत नाहीत, हे ज्याने उन्हाळाभर एकच तांबडे मुंडासे वापरले आहे त्यास सांगावयास नको. पांढऱ्या पट्ट्यांना शिपाई खडूसारखी माती लावून पांढरेपण आणीत. पहिल्या सरीला ती ओघळे. कवायतीच्या नियमपुस्तकातला रंग आणि मोहिमेच्या तिसऱ्या महिन्यातला रंग यांत मोठे अंतर पडे.

कोणी म्हणेल, छावणीत पाणी भरताना रंग कशाला हवा? त्याचे उत्तर छावणीच्या रचनेत आहे. हजारो माणसे, त्यांच्या कितीतरी पट बाजारबुणगे, बैल, उंट आणि तंबू यांच्या गर्दीत, अंगावर सदरा आणि डोक्यावर टोपी एवढ्यानिशी फिरणारा माणूस कोणत्या पलटणीचा, हे हवालदाराला एका दृष्टिक्षेपात कळले पाहिजे. दारूच्या पालाशी भांडण झाले, कोणाचे कोंबडे चोरीस गेले, पहाऱ्याची वेळ चुकली, की पहिला प्रश्न हाच: टोपीचा पट्टा कोणता होता? पण याहून खोल कारण आहे. खेड्यातून पोट भरण्यासाठी आलेल्या त्या माणसाला हळूहळू पलटण हेच घर वाटू लागे. लढाईत तो राजासाठी किंवा देशासाठी जेवढा उभा राही, त्याहून अधिक शेजारच्या त्याच काठाच्या माणसासाठी उभा राही. सरकारने सोय म्हणून ठरवलेला रंग शिपायाने इमान म्हणून उचलला.

आता हे रंग आपल्या भूमीवर पाहू. २३ सप्टेंबर १८०३ रोजी आजच्या जालना जिल्ह्यातील असई गावाशी, केळणा आणि जुई या दोन नद्यांच्या दुबेळक्यात, आर्थर वेलस्लीची फौज शिंद्यांच्या कवायती पलटणींवर चालून गेली. तिच्यात गोरी पायदळे दोनच होती: पांढऱ्या काठाची ७४ वी आणि बफ काठाची ७८ वी. गोऱ्या घोडदळाची एकच पलटण होती, १९ वी. शिंद्यांच्या तोफांपुढे ७४ वीची एवढी कत्तल झाली, की संध्याकाळी तिच्यात धडधाकट माणसे थोडीच उरली. त्याच साली २९ नोव्हेंबरला अडगावास आणि १५ डिसेंबरला गाविलगडास तिसरा काठ आला: हिरव्या काठाची ९४ वी. ती स्टीव्हनसनच्या हाताखाली होती, आणि स्टीव्हनसनची फौज म्हणजे निजामाच्या पैशावर उभी असलेली हैदराबादची तैनाती फौज. गाविलगडाच्या आतल्या तटाला शिड्या लावून प्रथम चढले ते या ९४ वीच्या हलक्या तुकडीचे लोक.

पण या सर्व रणांगणांवर गोऱ्यांपेक्षा आपले लोक अधिक होते. मद्रास फौजेचे देशी शिपाई, तेलंगी, तमिळ, मुसलमान, असे सारे तांबडा डगला घालून लढत होते. डगला त्यांनी घेतला, बंदूक घेतली, कवायतीचे इंग्रजी हुकूम घेतले. डोके मात्र दिले नव्हते. त्यांच्या डोक्यावर पागोटेच होते; ठरावीक साच्यावर बसवलेले, पलटणीप्रमाणे बेतलेले, पण पागोटे. हा जो न लिहिलेला करार होता, की अंग सरकारचे आणि डोके आमचे, तो मोडण्याची बुद्धी सरकारास १८०५ साली झाली.

मद्रासचा सेनापती सर जॉन क्रॅडॉक याला फौजेत एकसारखेपणा हवा होता. नोव्हेंबर १८०५ मध्ये त्याने नव्या नमुन्याचे पागोटे काढले. नाव पागोट्याचे, घाट टोपीचा, आणि त्यावर चामड्याचे फूल लावलेले. चामडे कोणत्या जनावराचे, हा संशय हिंदूला एका कारणाने आणि मुसलमानाला दुसऱ्या कारणाने सतावू लागला. पाठोपाठ नियम आला, की गणवेशात असताना कपाळावर गंध लावू नये, कानात भिकबाळी घालू नये, हनुवटी गुळगुळीत असावी आणि मिशासुद्धा ठरल्या मापाच्या असाव्यात. कवायतीच्या मैदानावरून पाहिले तर हे सारे नीटनेटकेपणाचे नियम. घरच्या ओसरीवरून पाहिले तर त्यांचा अर्थ एकच: आज टोपी घातली, उद्या बाटवतील. पलटणीतले ढोलवाले बहुधा ख्रिस्ती असत आणि टोपी घालीत. शिपायाला वाटले की आता आपल्यालाही त्यांच्या रांगेत बसवणार. सुटीवर गावी गेल्यावर सोयरे पंक्तीस घेतील का, मुलीला स्थळ मिळेल का, हा त्याचा प्रश्न होता, आणि त्याचे उत्तर सेनापतीच्या नियमपुस्तकात नव्हते.

मे १८०६ मध्ये वेल्लोरच्या किल्ल्यात काही शिपायांनी नवे पागोटे घेण्याचे नाकारले. त्यांना पकडून मद्रासला नेले आणि फटक्यांच्या शिक्षा फर्मावल्या. १० जुलै १८०६ रोजी पहाटेपूर्वीच्या अंधारात वेल्लोरचे शिपाई उठले. किल्ल्यात ६९ व्या गोऱ्या पलटणीच्या चार तुकड्या झोपेत होत्या. त्यांतले शंभरावर लोक मारले गेले. टिपू सुलतानाचे मुलगे याच किल्ल्यात नजरकैदेत होते, त्यामुळे त्याचा झेंडाही उभारला गेला. सकाळी अर्काटहून गिलेस्पी घोडदळ घेऊन आला. हे घोडदळ तेच, असईला लढलेले १९ वे. दुपारपर्यंत किल्ला परत इंग्रजांच्या हाती गेला आणि शेकडो शिपाई कापले गेले, भिंतीशी उभे करून गोळ्या घातल्या गेले. तीन वर्षांपूर्वी असईच्या रणात जे गोरे घोडेस्वार आणि मद्रासी शिपाई एका बाजूने लढले होते, त्यांच्याच दोन फौजा वेल्लोरला समोरासमोर आल्या. कारणे आणखीही असतील. पण ठिणगी पडली ती टोपीची. पुढे हुकूम मागे घेण्यात आले; सेनापती क्रॅडॉक आणि मद्रासचा गव्हर्नर बेंटिंक या दोघांनाही विलायतेस परत बोलावण्यात आले. सतीची चाल बंद करणारा म्हणून आपण ज्याला ओळखतो तोच हा बेंटिंक. बावीस वर्षांनी तो गव्हर्नर जनरल होऊन पुन्हा आला.

आता या गोष्टीचा आपल्याकडचा धागा. तेच पागोटे, तेच नियम हैदराबादच्या तैनाती फौजेसही लागू झाले होते. तेथेही छावणीत कुजबुज सुरू झाली, शहरातले असंतुष्ट लोक तीत फुंकर घालू लागले. या फौजेचा मुख्य लेफ्टनंट कर्नल माँट्रेसर नावाचा अधिकारी होता. त्याच्यापुढे दोन मार्ग होते. एक, वरचा हुकूम म्हणून तो रेटणे आणि नकार देणाऱ्यास फटके मारणे. वेल्लोरला हेच झाले. दुसरा, ऐकणे. माँट्रेसरने रेसिडेंट सिडनहॅमशी विचार केला आणि मद्रासच्या परवानगीची वाट न पाहता स्वतःच्या जबाबदारीवर ते नियम तहकूब केले. शिपाई शांत झाले. हैदराबादेत वेल्लोरसारखी कत्तल झाली नाही. इतिहासाच्या पुस्तकात न झालेल्या गोष्टींना जागा नसते. म्हणून वेल्लोर सर्वांना ठाऊक आहे आणि हैदराबाद कोणाला नाही. आमच्या मते मात्र या सबंध प्रकरणातली शिकण्यासारखी गोष्ट हैदराबादची आहे.

ही शिकवण फार दिवस टिकली असे म्हणवत नाही. १८१३ साली रेसिडेंट हेन्री रसेल याने निजामाच्या खर्चाने नव्या कवायती पलटणी उभ्या केल्या. कंपनीच्या शिपायांसारखाच त्यांचा पोशाख. जानेवारी १८१९ मध्ये हिंगोली-नांदेड भागातील नोव्ह्याच्या गढीत हटकरांचा नाईक नोवसाजी याच्या पक्षाच्या लोकांनी, ज्यांत अरबांचा भरणा मोठा होता, या पलटणींशी झुंज दिली, आणि महिनाअखेर गढी पडली. या फौजेला पुढे हैदराबाद कंटिंजंट म्हणू लागले. हिंगोलीला तिची छावणी १८१९ पासून १९०३ पर्यंत होती. हिंगोली १९९९ पर्यंत आपल्याच परभणी जिल्ह्यात होती, हे येथील श्रोत्यांस सांगावयास नको. या कंटिंजंटच्या पायदळातूनच पुढे हैदराबाद रेजिमेंट झाली आणि १९४५ साली तिचे नाव कुमाऊँ रेजिमेंट असे बदलले. त्या रेजिमेंटच्या जुन्या रणगौरवांच्या यादीत 'नोव्हा' हे नाव आहे.

आणि कहीच्या टोपीचे पुढे काय झाले? नेपोलियन गेला, सरकारला काटकसरीबरोबर शिस्तही हवीशी झाली. १८३० नंतरच्या दशकात तिच्या रंगांचे स्वातंत्र्य संपले आणि साधारणपणे गडद निळी गोल टोपी ठरून गेली. स्कॉटलंडमधील जे गाव असल्या विणलेल्या टोप्यांसाठी प्रसिद्ध होते, त्यावरून तिला 'किल्मारनॉक' म्हणू लागले. १८४७ च्या सुमारास हीच टोपी देशी शिपायाच्या डोक्यावर आली. १८५७ साली उठलेल्या बंगाल फौजेच्या शिपायांच्या चित्रांत ती पांढऱ्या गवसणीसह दिसते. त्या उठावाचे कारण काडतुसे म्हणून सांगतात. पण डोक्यावर काय घालावे आणि दातांनी काय तोडावे, हे दोन्ही प्रश्न मुळात एकच आहेत: माझ्या देहावर मालकी कोणाची? उठाव मोडल्यावर सरकारने देशी शिपायाला त्याचा फेटा परत दिला, एवढे शहाणपण मात्र त्यास आले. आज गोरखा शिपाई जी लहान, गोल, काळी टोपी घालतो, तिच्या रूपाने ती जुनी टोपी अजून जिवंत आहे.

मराठवाड्यातील माणसास हे सारे परके वाटू नये. निजामी अमलात कचेरीत कोण दस्तार बांधतो, कोण रुमी टोपी घालतो आणि कोण पांढरी खादीची टोपी घालून रस्त्याने निघतो, यावरून माणसे एकमेकांची मते ओळखीत, हे येथील वडीलधाऱ्यांनी पाहिले आहे. आपल्या भाषेनेही डोक्याचा हिशेब नीट ठेवला आहे. पागोटे पायावर ठेवणे ही शरणागतीची परिसीमा; पगड्यांची अदलाबदल झाली की परके भाऊ होतात; आणि फसवणुकीला आपण 'टोपी घालणे' म्हणतो. पागोटे माणूस स्वतः बांधतो, टोपी दुसरा घालतो, हा भेद या शब्दांत पुरेपूर उतरला आहे.

तात्पर्य एवढेच. इंग्रज शिपायाने जुन्या डगल्याची टोपी करून तिला आपल्या पलटणीचा काठ लावला, आणि ती त्याला प्रिय झाली. कारण ती त्याच्या शिंप्याने, त्याच्या पैशाने, त्याच्या घराण्याच्या रंगात केली होती. क्रॅडॉकची टोपी नीटनेटकी होती, एकसारखी होती, कदाचित डोक्याला हलकीही असेल. पण ती ज्याच्या डोक्यावर चढवायची त्यास कोणी विचारले नव्हते. माँट्रेसरने विचारले, आणि एक छावणी वाचली.